तुम्ही विचारलंत म्हणून: उपास करून दुःख टळतं का?

ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ लागला की हा प्रश्न कुणी ना कुणी टाकतंच. ‘चाळीस दिवस उपास, दर शुक्रवारी क्रूसाची वाट (येशूच्या दुःखाच्या टप्प्यांवर, म्हणजे ‘स्थानां’वर थांबत केलेली प्रार्थना), मग तुमच्या घरातलं आजारपण का हटत नाही?’ बहुतेक जण आपुलकीनेच विचारतात. तरी दरवर्षी तेच ऐकून कान किटतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी उपासाचं उरकते. आम्हा कॅथलिकांना सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, आणि गुड फ्रायडे. तेही 18 वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं. ते थोडंसं दोन्ही मिळून जेवणाएवढं होता कामा नये. या काळातल्या शुक्रवारी मांस नाही, हा नियम 14 वर्षं पूर्ण झाल्यापासून. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात. त्यातले 6 रविवार उपासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. मासे, अंडी, दूध चालतं, आणि घोळ इथेच होतो. वसईत मटण टाळून पापलेट तळलं की नियम पाळला जातो आणि उपास बुडतो. ताटातून वाचलेलं गरजूकडे जायचं, तर आधी काही वाचायला नको का? आजारी माणसाला, गरोदर बाईला सूट आहे. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेऊन भोवळ येऊन पडण्यात कसली आली भक्ती.

आता मुख्य प्रश्न. पूर्वी मी ठणकावून सांगायचे, ‘आम्ही देवाशी सौदा करत नाही.’ पण वांद्र्याच्या जत्रेत माउंट मेरीच्या चर्चमध्ये मारियामातेला वाहायला नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात, ती कोण घेतं? आम्हीही घेतो. मागतो, रडून मागतो. मागण्यात गैर आहे असं मला आता वाटत नाही. प्रश्न आहे तो मागून न मिळाल्यावरचा, आणि त्यासाठी पवित्र गुरुवारची, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदली रात्र बघावी लागते.

त्या संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ‘ग्लोरिया’ या स्तुतिगीताला घंटा वाजतात, त्यानंतर पुनरुत्थानाच्या जागरणापर्यंत मुक्या. पायधुणी होते, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण. मिस्सा संपल्यावर पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर, मिरवणुकीने बाजूच्या वेदीवर नेतात, आणि मुख्य वेदीवरची वस्त्रं काढून ती उघडी करतात. मग मध्यरात्रीपर्यंत जागरण, वाडीवाडीच्या पाळ्या लावून. हे जागरण गेथशेमानेच्या बागेतलं, येशू पकडला गेला त्या रात्रीचं. येशूने पेत्र, याकोब, योहान या शिष्यांना एवढंच सांगितलं होतं, इथे थांबा, जागे राहा. तिघेही झोपले. ‘सगळे सोडून गेले तरी मी नाही’ म्हणणारा पेत्रसुद्धा.

आमच्याकडे हा तास हमखास बिघडतो तो माइकमुळे. गाणी, जपमाळ, छापील प्रार्थना, पुन्हा गाणी; कुणालाच दोन मिनिटं गप्प बसवत नाही. पाळी असलेल्यांना माझं सांगणं असं: रात्रीचं जेवण हलकं ठेवा, गुडघे दुखले की सरळ बसा, मोबाइल घरी. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या (येशूच्या चरित्रातल्या) चौदाव्या अध्यायातल्या 32 ते 42 या ओव्या सावकाश दोनदा वाचा. पहिली पंधरा मिनिटं आपली मागण्यांची यादी बाहेर काढू नका. झोप येईल, येऊ द्या. डोळा लागला तर उठून पुन्हा बसा.

त्या अकरा ओव्यांत येशू बापाला, म्हणजे देवाला, म्हणतो, तुला सगळं शक्य आहे, हा प्याला, हे पुढ्यातलं दुःख, दूर कर. पुढे म्हणतो, तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. मार्कच्या लेखी वरून काहीही उत्तर येत नाही. लूकच्या शुभवर्तमानात बळ द्यायला देवदूत येतो, पण प्याला तिथेही टळत नाही. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. खुद्द त्याचंही टळलं नाही. मग आम्ही तिथे काय करतो? थांबतो. निष्ठा म्हटलं की वसईकराला आपला संत गोन्सालो गार्सिया आठवतो, 1597 साली नागासाकीला क्रूसावर मारला गेलेला. ते फार मोठं झालं. बहुतेकांच्या वाट्याला नुसतं थांबणं येतं, आणि तेही नीट जमत नाही.

एक मात्र चिडून सांगते. मार खाणाऱ्या बाईला ‘तुझा क्रूस वाहा’ म्हणणारी माणसं आमच्यातही आहेत. क्रूसाच्या वाटेच्या पाचव्या स्थानावर शिमोन कुरेनेकर दुसऱ्याचं, येशूच्या क्रूसाचं, ओझं उचलतो, कुणाच्या खांद्यावर लादत नाही. त्या बाईला तिथून बाहेर काढा, आणि प्रार्थना करायचीच तर काढता काढता करा.

प्रवचनांत जोर नेहमी ‘तुझी इच्छा’वर असतो. माझं तिथे अडतं. मार्क लिहितो, दुसऱ्यांदा जाऊन येशूने तेच शब्द बोलून प्रार्थना केली. म्हणजे ‘दूर कर’ हेही पुन्हा आलंच असणार. पहिल्याच खेपेला मान तुकवून झाली होती, तर पुन्हा कशाला मागितलं? प्रवचनकार म्हणतात, तो त्याच्या मनुष्यपणाचा भाग. असेल. मला ते पुरत नाही, आणि यंदाही माझ्या यादीत पहिलं मागणं गेल्या वर्षीचंच आहे.