ऑक्टोबरचा पैसा पुढच्या ऑक्टोबरपर्यंत

लातूरला आर्थिक नियोजनाचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा प्रशिक्षणात मिळालेला एक छापील तक्ता मी येणाऱ्या प्रत्येकाकडून भरून घेत असे. त्यातला पहिलाच रकाना ‘मासिक उत्पन्न’ असा होता. औसा तालुक्यातील एका शेतकऱ्याने तो रकाना मोकळा सोडला आणि खिशातून घडी घातलेली आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर आडत्याने दिलेली हिशोबाची पावती, काढून माझ्यासमोर ठेवली. वजन, भाव, हमाली, तोलाई, त्याखाली हंगामात घेतलेली उचल वजा, आणि तळाशी हाती आलेली रक्कम. “साहेब, महिन्याचं कसं सांगावं? सालाचं हे इतकं आहे,” ते म्हणाले. पगाराच्या अमुक टक्के बचत करा आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, हे नियम एक तारखेला पैसे खात्यात जमा होणाऱ्यांसाठी आहेत, हे त्या पट्टीकडे पाहताना माझ्या ध्यानात आले.

आपल्याकडे सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, येते, तूर जानेवारीत आणि हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. बियाणे, खत, मुलांची शाळा आणि शिकवणी यांचे पैसे मात्र मे-जूनमध्ये, म्हणजे खाते सर्वांत रिकामे असते तेव्हा लागतात. म्हणून सोयाबीनची पट्टी हाती पडताच आधी पुढच्या पेरणीची रक्कम वेगळी काढावी, मग वर्षभराच्या घरखर्चाचे बारा भाग करून त्यातील अकरा भागांच्या बँकेत अकरा ठेव पावत्या कराव्यात आणि दर महिन्याला एका पावतीची मुदत संपेल अशी रचना करावी, असे मी सांगतो. त्यामुळे शेतकऱ्यालाही दरमहा पगार सुरू होतो आणि दिवाळीत सगळी रक्कम एकदम हातात खेळत राहत नाही. माझ्या व्यवसायबंधूंना हा उपाय फारच बाळबोध वाटतो. त्यात कमिशन नाही, हेही एक कारण असावे.

सहा महिन्यांची गंगाजळी इथे का पुरत नाही, हे ज्याने २०१४ आणि २०१५ ही लागोपाठची वर्षे पाहिली, त्याला सांगावे लागत नाही. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. एक खरीप गेला की सोयाबीनचा पुढचा पैसा थेट बारा महिन्यांनी दिसतो. त्यामुळे पूर्ण एका वर्षाच्या खर्चाइतकी रक्कम, तीन-चार बऱ्या हंगामांत थोडी थोडी साठवून का होईना, बाजूला असली पाहिजे.

सर्वांत जास्त वाद मला माल धरून ठेवण्यावरून घालावा लागतो. २०२१मध्ये सोयाबीन क्विंटलमागे दहा हजारांच्या घरात गेले होते आणि त्या भावाची आठवण अजून कोणाच्या मनातून जात नाही. समजा, घरात ४० क्विंटल सोयाबीन आहे आणि डोक्यावर शेकडा तीन रुपयांनी घेतलेले एक लाखाचे हातकर्ज आहे. शेकडा तीन हे ऐकायला किरकोळ वाटते. पण ते महिन्याचे आहे, म्हणजे वर्षाचे ३६ टक्के. सहा महिने माल धरला तर १८,००० रुपये व्याज जाते, आणि ते भरून निघण्यासाठीच भाव क्विंटलमागे ४५० रुपयांनी वाढावा लागतो. माल वाळून वजन घटते ते वेगळेच. भाव वाढण्याची खात्री वाटत असेल, तर बाजार समित्यांमार्फत चालणारी शेतमाल तारण कर्ज योजना विचारात घ्यावी. तिथे मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम वार्षिक सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी मिळते. त्यातून हातकर्ज फेडले, तर त्याच एक लाखाला सहा महिन्यांचे ३,००० रुपये पडतात, म्हणजे भावात ७५ रुपयांची वाढ झाली तरी व्याज निघाले. हा हिशोब मी कागदावर मांडून दाखवतो, समोरचा मान डोलावतो, आणि फेब्रुवारीत पुन्हा भेटतो तेव्हा पोती अजून माडीवरच असतात.

पीक कर्जाचेही तसेच आहे. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले तर केंद्र आणि राज्य यांच्या व्याज सवलतींमुळे ते प्रत्यक्षात बिनव्याजी पडते. इतका स्वस्त पैसा जगात दुसरीकडे मिळणार नाही. तरीही कर्जमाफीची वाट पाहत मुदत टाळली जाते, किंवा मार्चअखेर कोणाकडून तरी आठ दिवसांसाठी पैसे उचलून कर्ज नवं-जुनं केले जाते, म्हणजे जुने फेडून लगेच नवे उचलले जाते. तुरीचा पैसा जानेवारीत येतो, तो या कामासाठीच राखून ठेवावा.

ठेव कुठे ठेवावी, हे मात्र मी पुस्तकातून शिकलो नाही. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतील काही भाग मी स्वतः, बँकेपेक्षा चार टक्के जास्त व्याज मिळते म्हणून, एका मल्टिस्टेट पतसंस्थेत ठेवला होता. एका सकाळी शाखेचे शटर उघडलेच नाही. वडील हातात पासबुक घेऊन पायरीवर तासभर बसले होते आणि त्यांना घरी चला म्हणण्याचे मला धाडस होत नव्हते. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांसह, प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२०पूर्वी ते एक लाखाचे होते. पतसंस्था, मग ती मल्टिस्टेट का असेना, बँक नसते आणि तिच्या ठेवींना हे संरक्षण लागू होत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते, पण व्याजाच्या आकड्यापुढे मी ते मनावर घेतले नाही.

विम्याबद्दल एकच गोष्ट सांगतो. केंद्र सरकारच्या योजनांपैकी जीवनज्योती विम्याचे वर्षाचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये, दोन्ही मिळून ४५६, खात्यातून आपोआप मेच्या अखेरच्या आठवड्यात कापले जातात आणि संरक्षण १ जूनपासून सुरू होते. पहिल्यात कोणत्याही कारणाने, तर दुसऱ्यात अपघाताने मृत्यू झाल्यास कुटुंबाला दोन लाख मिळतात. पण मेअखेर म्हणजे बियाण्यासाठी खाते खरवडून रिकामे केलेले असते, हप्ता कापला जात नाही, आणि घरच्यांना ते कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. म्हणून दरवर्षी २० मेला माझ्याकडील सर्व कुटुंबांना मी एक ओळीचा निरोप पाठवतो: खात्यात पाचशे रुपये राहू द्या.