हे ‘तत्रैव’ कुठलं?

एका शोधपत्रिकेला निबंध पाठवून चार दिवस झाले आणि तो परत आला. परीक्षकांपर्यंत पोचलाच नव्हता. संपादकीय कार्यालयाचं छोटं पत्र होतं: मजकुरात आलेले सात संदर्भ शेवटच्या यादीत नाहीत, यादीतल्या अकरा नोंदी मजकुरात कुठेच नाहीत, आणि मांडणी एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भलेखनाच्या नियमांच्या) सातव्या आवृत्तीप्रमाणे नाही. दुरुस्त करून पुन्हा दाखल करा.

निबंध धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीवर होता. बंधाऱ्याखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक, पाणी बारीने, आणि ते शेतात सोडणारा पाटकरी. पीएचडीचा प्रबंध मी मराठीत लिहिला होता. त्यातल्या एका प्रकरणाचा हा इंग्रजी निबंध केला. प्रबंधात तळटीपा होत्या, इथे मजकुरातच कंसात लेखकाचं आडनाव आणि वर्ष हवं होतं. दोन दिवसांत उरकेल असं वाटलं होतं. नऊ दिवस लागले.

पहिले दोन दिवस त्रेसष्ट नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भरण्यात गेले. ते मोफत आहे आणि वर्डला जोडता येतं, हे मला प्रबंधाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकला की इंग्रजी लेखांची माहिती आपोआप येते, पण ती जशीच्या तशी सोडू नका. एपीएत लेखाच्या शीर्षकात आणि उपशीर्षकात फक्त पहिलं अक्षर आणि विशेषनामं कॅपिटल लागतात. झोटेरोत एका क्लिकवर सगळं लहान करता येतं, पण मग खानदेशचा ‘के’सुद्धा लहान होतो आणि तो हाताने नीट करावा लागतो. प्रकाशनाचं गाव सातव्या आवृत्तीत द्यायचं नाही. माझ्या जुन्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे पुणे, मुंबई, धुळे होतं. ते सगळं काढलं.

नावांचा प्रश्न वेगळा. वाटण्यांच्या चर्चेत मी इरावती कर्वे यांचं नातेसंबंधांवरचं १९५३चं पुस्तक वापरलं होतं. त्यांच्या नावातला ‘व’ मी एके ठिकाणी डब्ल्यूने लिहिला होता आणि दुसऱ्या ठिकाणी व्हीने. यादीत त्या दोन वेगळ्या लेखिका झाल्या. मग सगळीकडे एकच पद्धत ठेवली: हातात असलेल्या प्रतीच्या शीर्षकपानावर जे स्पेलिंग, तेच.

मराठी पुस्तकांना जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा असं माझं मत आहे. शीर्षक आधी रोमन लिपीत, मग चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. रोमन करताना ‘फड’मधल्या ‘ड’खाली टिंब द्यायचं की नाही, ‘ळ’ कसा लिहायचा? एका पद्धतीत ‘ळ’साठी ‘एल’खाली टिंब असतं, दुसरीत तेच चिन्ह ‘ऌ’साठी राखून ठेवलेलं असतं. मी टिंबांसकट लिहिलं, पण दाखल केल्यावर तयार होणाऱ्या पीडीएफमध्ये टिंबांच्या जागी चौकोन दिसले. फॉन्ट बदलला तेव्हा ती उमटली.

पाणीवाटपाच्या ठरावांच्या एका जुन्या पुस्तिकेवर फक्त ‘माघ, शके १८४६’ छापलंय. प्रबंधात मी ७८ मिळवून १९२४ लिहून मोकळी झाले होते. पण शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे असतात. माघ म्हणजे १९२५. खानदेशचं जुनं गॅझेटिअर १८८०चं, माझ्याकडे त्याचं पुनर्मुद्रण आहे. अशा वेळी मजकुरात दोन्ही वर्षं द्यायची, आधी मूळ, मग तिरकी रेघ, मग पुनर्मुद्रणाचं.

मग सहाव्या दिवशी ते ‘तत्रैव’ आलं. तत्रैव म्हणजे ‘तिथेच’, वरच्या टीपेत आलेलं तेच पुस्तक.

प्रबंधात तळटीपांची रांग होती. एकोणीस क्रमांकाच्या टीपेत पुस्तकाचं पूर्ण नाव, वीसमध्ये ‘तत्रैव, पृ. ८८’, एकविसात ‘तत्रैव, पृ. २१२’. एपीएत तत्रैव चालत नाही, दर वेळी लेखक-वर्ष लिहावं लागतं, म्हणून मी एकेक तत्रैव सोडवत होते. एकविसाव्याच्या जागी त्याच पुस्तकाचं नाव घातलं आणि पान तपासायला कपाटातून पुस्तक काढलं. पुस्तक १४० पानांचं. २१२वं पान त्यात असणारच कसं?

मी तशीच बसून राहिले. मग जुन्या फाइली उघडल्या. प्रबंधाच्या दुसऱ्या खर्ड्यात माझ्या मार्गदर्शक मॅडमच्या सूचनेवरून मी मध्ये एक परिच्छेद घातला होता. त्याच्याबरोबर एकोणीस आणि वीस या दोन नव्या तळटीपा मध्ये आल्या, आणि खालचं तत्रैव आपल्या मूळ पुस्तकापासून तुटलं. २१२वं पान वेगळ्याच ग्रंथाचं होतं. तो ग्रंथ माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन पान काढलं. ज्या आकड्यावर माझा अर्धा युक्तिवाद उभा होता, तो एका बंधाऱ्याचा नव्हता, सबंध तालुक्याचा होता.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अगं, सापडलं ना? मग आधी परिच्छेद बदल. स्वल्पविराम नंतर बघू.” परिच्छेद पुन्हा लिहिला. युक्तिवाद थोडा आखडला, पण आता तो माझ्या पुराव्याइतकाच आहे.

एक गोष्ट मला लागली. निबंधातली सगळ्यात मोलाची माहिती एका म्हाताऱ्या पाटकरी नानांकडून मिळाली आहे. कुठल्या फडाला पाणी किती वेळ आणि रात्रीची बारी कशी ठरायची, हे त्यांनी तोंडी सांगितलं. आपल्याच संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतींची नोंद एपीएच्या संदर्भयादीत होत नाही, ती माहिती सहभागी व्यक्तीकडून आली असं मजकुरात म्हणायचं असतं. नियमामागचं कारण मला पटतं: वाचक जे शोधून काढू शकेल, तेच यादीत असावं. पण नानांनी सही करताना विचारलं होतं, “ताई, त्यात माझं नाव येईल ना?” त्यांची लेखी संमती होती, म्हणून संशोधनपद्धतीच्या भागात त्यांचं पूर्ण नाव, गाव आणि मुलाखतींच्या तारखा दिल्या. ऋणनिर्देशातही पहिलं नाव त्यांचंच ठेवलं.

शेवटचा दिवस ताळा करण्याचा. निबंध कागदावर छापून घेतला. मजकुरातल्या प्रत्येक कंसावर पेन्सिलीने खूण करायची आणि तीच खूण यादीतल्या नोंदीवर. खूण नसलेली नोंद काढायची, किंवा ती कुठे वापरली होती ते शोधायचं. हे पडद्यावर करू नका, डोळा सरकतो. आणि दाखल करण्याआधी झोटेरोचे दुवे तोडायचे असतील, तर दुव्यांसकट एक प्रत वेगळी ठेवा. परीक्षक बदल सुचवतातच.

तपासणीत निबंध पार झाला आणि आता परीक्षकांकडे आहे. प्रबंध मात्र ग्रंथालयात बांधलेला पडून आहे, एकविसाव्या चुकीच्या टीपेसकट. मी एका पानाचं शुद्धिपत्र टाइप केलं, तळटीप क्रमांक, चुकीचं, बरोबर, आणि माघाच्या त्या पुस्तिकेचं वर्षही. ते ग्रंथपालांना नेऊन दिलं. त्यांनी शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत ते चिकटवलं आणि दाखल-नोंदवहीत तारीख घातली.