चटणी, पन्हाळा आणि गगनबावडा

एप्रिल लागला तसा आमच्या घरात तह झाला. रविवारची सकाळ सायकलची, पण शनिवार पुरा घराचा. वर्षाच्या चटणीच्या मिरच्या आणायच्या, देठं काढायची, कांडपाला न्यायच्या, गच्चीवर पापड-सांडगे राखायचे, सगळं त्यात आलं. सह्या झाल्या नाहीत, पण आई साक्षीला होती आणि आमच्याकडं तेवढं पुरतं.

मी बेचाळीस वर्षांचा, दिवसभर टेबलाला चिकटून काम करणारा माणूस. सायकल जुनी, कुणाकडून तरी घेतलेली रोड बाइक. पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात, मागच्यांना ११ ते ३२. हे आकडे आत्ताच सांगून ठेवतो, पन्हाळ्याच्या चढाला लागतील.

पहिली शर्यत एका गावच्या यात्रेतली. आमच्या भागात यात्रा म्हटली की कुस्त्या आल्या, आणि कुठं कुठं सायकलच्या शर्यतीही. अंतर १८ किलोमीटर, गट दोन: गिअरची आणि साधी. मी आदल्या शनिवारी कांडपाला गेलो होतो. चार किलो ब्याडगी रंगाला, दोन किलो संकेश्वरी तिखटाला. डंकातून निघालेली चटणी गरम असते, डबा हाताला सोसवेना. पिशवीत सायकलचे हातमोजे होते, ते घातले आणि डबा उचलला. केवढी हुशारी वाटली तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सातव्या किलोमीटरला घाम डोळ्यांवर आला आणि मी हातमोज्यानं पुसला.

पुढचे दोन किलोमीटर कसे गेले ते माझं मलाच माहीत. एक डोळा बंद, दुसऱ्यातून धारा. तेवढ्यात साध्या गटातला एक पोरगा, पायात चप्पल, शाळेची पँट, माझ्या बाजूनं निघून गेला आणि जाता जाता म्हणाला, "काका, डोळं झाकून चालवताय काय?" शेवटी एका वस्तीवरच्या आजींनी तांब्याभर पाणी दिलं. नुसत्या पाण्यानं चटणी जात नाही, हे कोल्हापुरात जन्मून मला त्या दिवशी कळलं. शर्यत पूर्ण केली. नंबर विचारू नका.

यात्रेच्या शर्यतीला जाणार असाल तर तासभर आधी पोचा. नंबराचा कागद पाठीला लावायला सेफ्टी पिना घरून न्या, तिथं हमखास संपलेल्या असतात. रस्ता आदल्या दिवशी मोटरसायकलवरून बघून या, कारण गावात शिरताना शेवटचं वळण कुठं आहे आणि तिथं वाळू सांडलीय का, हे स्पीकरवरून कुणी सांगत नाही. आणि साध्या सायकलवाल्या पोरांना हलक्यात घेऊ नका. ती रोज शाळेला दोन वेळा तोच रस्ता तुडवतात.

पन्हाळा ही आम्हा सगळ्यांची परीक्षा. कोल्हापुरातून साधारण वीस किलोमीटर: शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ आणि तिथून गडाचा रस्ता. शहरातून निघताना सपाट असतं, त्या भरात माणूस जोर लावतो आणि केर्ली ओलांडल्यावर त्याची किंमत मोजतो. आम्ही चौघं मित्र वाघबीळला थांबायचो, दोन दोन मिनिटांच्या अंतरानं एकेक जण सुटायचा आणि वर बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी घड्याळ थांबवायचो. एप्रिलच्या पहिल्या फेरीत मला २७ मिनिटं लागली. दहावी झालेला भाचा सोबत होता, तो १९ मिनिटांत वर जाऊन काकडी खात बसला होता.

माझी चूक साधी होती. पहिल्या वळणाला पाय ताजे, म्हणून मोठ्या गिअरवर उभं राहून मारलं. तिसऱ्या वळणाला मांड्या दगड. पुढच्या वेळी खाली असतानाच ३४ वर आणलं, मागं ३२ लावलं, आणि बोलता येईल इतक्याच दमात चढत राहिलो. मे संपता संपता २३ मिनिटं झाली. ज्यांच्या सायकलला मागं ११-२५ किंवा ११-२८ आहे आणि वय माझ्याएवढं आहे, त्यांनी गुडघ्यांचा विचार करून कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदलावी. मागचं डीरेलर, म्हणजे चेन चकत्यांवर सरकवणारा भाग, तेवढी मोठी चकती पेलतं का, हे दुकानात आधी विचारून घ्या.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाच्या आधी दाबा, वळणात सोडा. रविवारी आठनंतर पर्यटकांच्या गाड्या वर यायला लागतात आणि वळणावर त्यांना पूर्ण रस्ता लागतो. सहाच्या आत वाघबीळ गाठा. १६६० च्या जुलैत महाराज भर पावसात, रात्री, वेढा चुकवून याच गडावरून विशाळगडाकडं निघाले. आपल्याला पहाटे पाचचा गजर ऐकून कूस बदलावीशी वाटते.

चैत्र पौर्णिमेच्या आसपासचे तीन-चार दिवस मात्र हा रस्ता सोडून द्या. जोतिबाच्या यात्रेला सासनकाठ्या निघालेल्या असतात, चालणाऱ्यांची रीघ असते, आणि गुलालावर पाणी पडलं की डांबरावर टायर टिकत नाही. त्या दिवसांत चांगभलं म्हणायचं आणि रंकाळ्याला फेऱ्या मारायच्या.

गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध येताना प्या, जाताना नको. तपशील देत नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गगनबावडा ठरला. जाऊन-येऊन ११० किलोमीटर. कागदावर ही शर्यत नव्हती, पण सहा जण एका रस्त्यावर आले की शर्यत आपोआप होते. फुलेवाडीतून पहाटे पाचला निघालो. तिथली कुत्री रात्रपाळीला असतात. ओरडत मागं लागली तर पळवू नका, सायकल हळू करून दमदार आवाजात हाकला. पुढं बालिंग्याचा पूल, कुडित्रे, कळे, साळवण. हिवाळ्यात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि सांडलेल्या कांड्यांवरून चाक घसरतं. मे महिन्यात कारखाने बंद, रस्ता मोकळा. एवढ्यासाठी तरी उन्हाळा बरा.

या वाटेवर वारा समजून घ्यायला हवा. उन्हाळ्यात दिवस चढला की पश्चिमेकडून वारं सुटतं, म्हणजे जाताना ते छातीवर घ्यावं लागतं. म्हणून जायचा टप्पा नऊच्या आत संपवायचा. आणि एकट्यानं वारा फोडत बसायचं नाही. पुढच्याच्या चाकामागं हातभर अंतर ठेवून राहिलं की बराच जोर वाचतो. दोन दोन मिनिटांनी पुढचा बाजूला होतो आणि मागं येतो. आमच्यात एक गृहस्थ पुढं यायची पाळी आली की दर वेळी बाटली काढायचे. अशांना ओळखून ठेवा.

साळवणपर्यंत रस्ता खालीवर होत जातो, मन लागतं. खरा चढ शेवटी. बावड्यात पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. घाटमाथ्यावरून खाली कोकण धुरकट दिसत होतं. करूळ घाट वैभववाडीला उतरतो, भुईबावडा खारेपाटणच्या बाजूला. उतरायचा मोह आवरा, कारण उतरलेलं सगळं परत चढायचं असतं आणि तेही अकराच्या उन्हात. आम्ही दोन प्लेट कांदाभजी, चहा आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घेऊन मागं फिरलो. दोन बाटल्या कमी पडतात. कळ्यात आणि साळवणात भरून घ्या. टायरात हवा ठासून भरू नका. माझं वजन ७४ किलो, टायर २५ मिलिमीटर रुंदीचे. पुढं ८० आणि मागं ८५ पीएसआय पुरली.

परतीला वारं पाठीवर आलं आणि सायकल स्वतःच पळायला लागली. पण चढाच्या पायथ्याला एक पंक्चर, साळवणात जेवण, मग झाडाखाली लांबलेल्या गप्पा, असं करत दीड वाजला. कळ्याजवळ कोल्हापूरच्या दिशेला आभाळ काळं झालेलं दिसलं आणि फोन वाजला. घरून.

"अहो, गच्चीवर सांडगे आहेत. मी आईंना घेऊन दवाखान्यात आलेय. तुम्ही कुठं आहात?"

मी कुठं होतो ते सांगितलं. पलीकडं थोडा वेळ शांतता.

कुडित्र्याला वळवानं गाठलंच. पहिल्या पाच मिनिटांत रस्ता सगळ्यात वाईट असतो: धूळ, तेल आणि पाणी एकत्र. थांबा. आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली अर्धा तास उभे होतो, टपोऱ्या गारा चेनवर आपटत होत्या, आणि माझ्या डोळ्यांपुढं फक्त सांडगे.

साडेचारला घरी पोचलो. गच्चीवर गेलो तर सायकल झाकायची माझी निळी ताडपत्री सांडग्यांवर अंथरलेली, चारी कोपऱ्यांना वजन. एका कोपऱ्यावर पाटा, दुसऱ्यावर कुंडी, तिसऱ्यावर माझा फ्लोअर पंप, चौथ्यावर लेकीचं दप्तर, पुस्तकांसकट भिजलेलं. लेक जिन्यात उभी होती. नऊ वर्षांची आहे, आणि कोल्हापूरच्या पोरींसारखंच बोलते.

"बाबा, मी एकटा आलो वर. आजी घरात नव्हती तरी."

दप्तर पिळून वाळत घातलं. मग तिनं विचारलं, पुढच्या रविवारी पन्हाळ्याला तिची सायकल चालेल का. तिच्या सायकलला एकच गिअर आहे. रंकाळ्यापासून सुरुवात करू म्हटलं.