दारात आल्यावर भाव पाडणारे

जुने कॅमेरे आणि लेन्स विकत घ्यायच्या, मनसोक्त वापरायच्या आणि मग पुढच्या शौकिनाला देऊन टाकायच्या, हा माझा बऱ्याच वर्षांचा नाद. त्यामुळे या व्यवहारात मी कधी घेणारा असतो, कधी देणारा. दोन्ही बाजूंना उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. घासाघीस करण्यात गैर काहीच नाही, पण तिला वेळ असते. फोनवर करा, वस्तू हातात घेऊन तपासताना करा. पण भाव ठरला, पत्ता घेतला, माणूस दारात आला, सगळं बघून झालं आणि पैसे काढता काढता म्हणाला, "काका, माझ्याकडे एवढेच आहेत, जमवून घ्या," तर त्याला मी घासाघीस मानत नाही. दिलेला शब्द फिरवला, एवढंच.

हे लोक असं का करतात तेही कळतं. समोरच्याने संध्याकाळ राखून ठेवलेली असते, इतर दोघा-तिघांना "वस्तू गेली" म्हणून सांगितलेलं असतं, डबा-चार्जर-बिल शोधून टेबलावर मांडलेलं असतं. आता थोडक्यासाठी हा व्यवहार मोडायचा नाही, असा त्यांचा हिशेब. मी शांतपणे "असू दे मग" म्हणतो आणि कॅमेरा परत डब्यात ठेवायला लागतो. डब्याचं झाकण लागायच्या आत बहुतेकांना दुसरा खिसा आठवतो.

याला एक अपवाद आहे आणि तो मी मनापासून मानतो. आधी न सांगितलेला दोष समोर आला, तर ठरलेला भाव पुन्हा उघडतो. मध्यंतरी एका गृहस्थांकडे 50 मिलिमीटरची जुनी लेन्स बघायला गेलो होतो. "काच अगदी स्वच्छ आहे," असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, आणि समोरून बघितलं तर होतीही. मी लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र पूर्ण उघडलं, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च लावला आणि लेन्स जराशी तिरकी धरली. आतल्या काचेच्या कडेला पांढऱ्या धाग्यांची बारीक नक्षी दिसली. बुरशी. उजेड मागून आल्याशिवाय ती सहसा दिसत नाही, त्यामुळे ते खोटं बोलत होते असं मला वाटलं नाही. मी लेन्स त्यांच्या हातात दिली, टॉर्च कसा धरायचा ते दाखवलं आणि त्यांनाच बघू दिलं. मग म्हटलं, "ही साफ करायला लेन्स उघडावी लागेल, आणि बुरशीने काचेवरचं कोटिंग, म्हणजे पातळ थर, खाल्लं असेल तर साफ करूनही डाग राहील." एकच आकडा सांगितला आणि गप्प बसलो. त्यांनी आत जाऊन मुलाला विचारलं, बाहेर येऊन मधला आकडा सांगितला, मी मान डोलावली. चहाचं विचारलंत तर तोही झाला.

यात दोष दाखवला तो खरा होता, त्याचा खर्च खरा होता, आणि बोलणं लेन्सबद्दल होतं, त्यांच्याबद्दल नव्हतं. उलट नमुनेही भेटतात. वस्तू आवडलेली असते, डोळ्यांत दिसत असते, तरी "हे मॉडेल आता कोण वापरतंय?" म्हणून नाक मुरडायचं. अहो, कोणी वापरत नाही तर तुम्ही एवढ्या लांबून कशाला आलात?

फोनवरचा पहिलाच प्रश्न "शेवटचे किती?" असेल तर मी जाहिरातीतलाच आकडा परत सांगतो. वस्तू बघितली नाही, शटर किती वेळा पडलंय, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते विचारलं नाही, आणि मी मात्र स्वतःशीच बोली लावत खाली उतरायचं, हे काही जमत नाही. घ्यायचं असेल तर आकडा तुम्ही सांगा. आणि सांगितलेला आकडा समोरच्याने लगेच मान्य केला, तर "अरे, अजून कमी सांगायला हवं होतं" ही हळहळ मनात ठेवा, तोंडावर आणू नका. आपण बोललो, त्याने ऐकलं, विषय संपला.

निम्म्या किमतीत मागणाऱ्यांचा पूर्वी मला फार राग यायचा. आता येत नाही, कारण विकणाराही थोडा वेडा असतो हे मला पटलंय. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन, अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने 1990 साली प्रसिद्ध केलेला कॉफीच्या मगांचा प्रयोग अनेकांना माहीत असेल. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देऊन टाकले आणि केवढ्याला विकाल ते विचारलं. ज्यांना मिळाले नव्हते त्यांना केवढ्याला घ्याल ते विचारलं. वस्तू तीच, पण विकणाऱ्यांची मागणी घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाली. हातात येऊन थोडा वेळही न झालेल्या मगाची ही गत, तर ज्या कॅमेऱ्याने मुलीचं पहिलं पाऊल टिपलं त्याची काय असेल! पण ते पाऊल घेणाऱ्याच्या कामाचं नाही. "मी केवढ्याला घेतला होता" हेही त्याच्या कामाचं नाही. त्याच्या कामाचं एवढंच, की आज अशाच अवस्थेतला दुसरा कॅमेरा केवढ्याला मिळतोय.

म्हणूनच विकणाऱ्याने सगळं आधी सांगून टाकावं, असं मी म्हणतो. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने 1970 सालच्या एका लेखात जुन्या गाड्यांचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं. चांगली गाडी कुठली आणि रद्दी कुठली हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो सगळ्यांनाच मधला भाव देऊ करतो. मग चांगल्या गाडीचा मालक विकायलाच काढत नाही आणि बाजारात रद्दी उरते. तीन नियतकालिकांनी हा लेख नाकारला होता, आणि 2001 साली अकरलॉफ नोबेलचे मानकरी ठरले. माझ्यापुरतं मी यातून एवढंच घेतलं, की जाहिरातीत ओरखड्यांचे फोटो सगळ्यात आधी टाकायचे. शटरचा आकडा, बॅटरी किती टिकते, कुठलं बटण दोनदा दाबावं लागतं, सगळं लिहायचं. मग घासाघीस आपोआप आखडते, कारण कुरकुर करायला नवीन काही उरत नाही.

"किंमत ठाम" असं लिहिलं असेल तर विकणाऱ्याने ते पाळावं. असं लिहून पहिल्याच फोनला दहा टक्के उतरणारे बाकीच्या आम्हा सगळ्यांचा शब्द स्वस्त करतात. आणि एकाला हो म्हटल्यावर दुसऱ्याने जास्त देऊ केले म्हणून पहिल्याला टाळायचं, ही दारातल्या घासाघिशीचीच दुसरी बाजू. ठरलेल्या वेळेपर्यंत वस्तू त्याची. तो आला नाही, फोनही केला नाही, तर मात्र खुशाल पुढच्याला बोलवा.

एका ठिकाणी मी भाव करतच नाही. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू विकायला काढलेल्या असतात तिथे. बऱ्याचदा त्यांनी किंमत अंदाजाने, आणि फार कमी लावलेली असते. ती आणखी पाडणारे लोक मी पाहिलेत, आणि वर मित्रांना "काय घबाड मिळालं!" म्हणून सांगणारेही. नियमाने यात काही चूक नाही म्हणे. असेल. माझा स्वभाव तसा नाही, मी खरी किंमत सांगून मोकळा होतो. कधी मग मलाच ती झेपत नाही आणि वस्तू दुसरीकडे जाते.

भाव जागचा हलत नसेल तर पैशांऐवजी सोबतच्या वस्तू मागून बघा. पट्टा, फिल्टर, जादाची बॅटरी. विकणाऱ्याच्या कपाटात त्या नुसत्या पडलेल्या असतात, घेणाऱ्याला नव्याने घ्याव्या लागतात. माझ्याकडे मागितल्या तर मी सहसा देतो, आणि न मागता दिल्या तर उरलेली घासाघीस तिथेच थांबते.

पैसे समोरासमोर मोजून घ्या, त्यात कोणाचा अपमान नाही. आणि व्यवहार झाल्यावर चार दिवसांनी "मला हाच दुसरीकडे कमी किमतीत दिसला" असा निरोप पाठवू नका. मला असे निरोप आलेत. लेन्स कशी साफ करायची, जुन्या फ्लॅशने कॅमेरा बिघडेल का, असलं काही विचारलंत तर महिन्याभरानेही सविस्तर उत्तर देईन.