जुना जावा ॲप्लेट डेस्कटॉपवर आणायचाय?

फिजिक्स शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे लाटांचा जुना जावा ॲप्लेट (वेबपानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम) आहे, स्लायडर हलवला की दोन लाटा एकमेकींत मिसळताना दिसतात, आणि मुलांना ते फळ्यावर काढून दाखवण्यापेक्षा कितीतरी लवकर कळतं. पण क्रोमने २०१५ मध्ये, फायरफॉक्सने २०१७ मध्ये ॲप्लेट चालवणाऱ्या प्लगिनचा सपोर्ट काढला, आणि २०१८ च्या जावा ११ पासून प्लगिनच गेलं, त्यामुळे असं चांगलं शिकवणीचं सामान नुसतं पडून राहिलंय. सोर्स कोड असेल तर प्लीज वाचवा, फार अवघड नाहीये.

मुळात ॲप्लेट हा एक पॅनेलच असतो, त्याला खिडकी देणं, साइज ठरवणं, इनिट आणि स्टार्ट ह्या मेथड कॉल करणं हे सगळं ब्राउझर करायचा. आता तेच आपण मेन मेथडमध्ये करायचं. बरेच जण ॲप्लेट जसाच्या तसा जेफ्रेममध्ये (जावाच्या खिडकीत) टाकतात, तात्पुरतं चालतंही, पण जावा २६ मधून ॲप्लेटचा क्लासच काढून टाकलाय, म्हणून ॲप्लेटऐवजी सरळ जेपॅनेल (जावाचा साधा पॅनेल) एक्स्टेंड करा. चित्र काढणाऱ्या पेंट मेथडमधला कोड पेंटकॉम्पोनंट मेथडमध्ये हलवा आणि त्यात पहिल्याच ओळीत सुपरच्या पेंटकॉम्पोनंटला कॉल करा, नाहीतर आधी काढलेली चित्रं तशीच मागे राहतात. फ्लिकर टाळायला केलेला जुना ऑफस्क्रीन बफर (चित्र आधी पडद्याआड काढून ठेवायची जागा) मग काढून टाकला तरी चालतो कारण स्विंग, म्हणजे जेपॅनेल ज्यातला आहे ती जावाची लायब्ररी, ते स्वतःच करतं.

बफर ठेवणार असाल तर मात्र क्रम सांभाळा. ब्राउझरमध्ये इनिट चालायच्या आधीच साइज ठरलेली असायची, इथे पॅनेल नुसता बनवून इनिट कॉल केलं तर गेटसाइज शून्य देतं आणि क्रिएटइमेज नल देतं, आणि मग एरर भलत्याच ओळीवर दिसते. म्हणून आधी प्रिफर्ड साइज द्या, पॅनेल फ्रेममध्ये टाका, पॅक करा, मग इनिट, मग खिडकी दाखवा, शेवटी स्टार्ट.

जुनं एचटीएमएल पान अजिबात डिलीट करू नका! विड्थ, हाइट आणि सगळे पॅराम टॅग तिथेच असतात, गेटपॅरामीटर तेच वाचायचं, आता त्या व्हॅल्यू प्रॉपर्टीज फाइलमध्ये घाला. चित्रं कोडबेसवरून (ॲप्लेटच्या वेब पत्त्यावरून) यायची ती गेटरिसोर्सने जारमधून (प्रोग्रामच्या एकत्र बांधलेल्या फाइलमधून) घ्या, फक्त फाइलच्या नावात कॅपिटल-स्मॉल तंतोतंत जुळवा, विंडोजवर फोल्डरमधून चालणारं नाव जारमध्ये चालेलच असं नाही.

शेवटी जेपॅकेज हे टूल, हे जावा १६ पासून जेडीकेमध्येच (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्ये) येतं, जावा रनटाइमसकट इन्स्टॉलर बनवतं म्हणजे शाळेच्या लॅबमध्ये प्रत्येक मशीनवर वेगळं जावा टाकत बसायला नको. विंडोजवर त्याला विक्स टूलसेट (इन्स्टॉलर बनवायची वेगळी टूल्स) लागतो आणि इन्स्टॉलर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी हवा तिथेच बनवावा लागतो, लिनक्सवर बसून विंडोजचा एमएसआय इन्स्टॉलर नाही बनत.

आणि एक मोठा फायदा, साध्या ॲप्लेटला सँडबॉक्समुळे (ब्राउझरमधल्या सुरक्षेच्या बंधनांमुळे) डिस्कवर काही लिहिता यायचं नाही, ती अडचण आता नाही, त्यामुळे मैत्रिणीने मागितलेलं ग्राफ पीएनजीत सेव्ह करायचं बटण मी लगेच टाकलं, मुलं तो ग्राफ थेट प्रॅक्टिकलच्या रिपोर्टात लावू शकतात.