बाबांच्या खोलीतला स्पीकर

बाबांचा उजवा कान गेली काही वर्षं जवळजवळ बंद आहे. जुन्या स्टीरिओवर मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं की डावीकडचा तबला त्यांना नीट ऐकू यायचा, उजवीकडची पेटी पार मागे पडायची. त्यामुळे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये फॉल्स सीलिंगचं काम काढलं, तेव्हा छतातच स्पीकर बसवायचे आणि त्यांच्या खोलीचा विचार सगळ्यात आधी करायचा, हे ठरूनच गेलं.

थोडी शोधाशोध केल्यावर दोन व्हॉइस कॉइल (स्पीकरचा पडदा हलवणारी तारेची वेटोळी) असलेला छतातला स्पीकर सापडला. डावा आणि उजवा, दोन्ही चॅनेल त्या एकाच स्पीकरला जोडता येतात. दोन्ही बाजूंचा आवाज एकाच जागेवरून आला, की एका कानानेही सगळं ऐकू येतं. हॉलसाठी मात्र नेहमीची जोडीच घेतली.

आधी स्वयंपाकघरातही एक बसवणार होतो. पण गणित जमेना. प्रत्येक स्पीकर 8 ओहमचा. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; तो जितका कमी, तितका ॲम्प्लिफायरवर ताण जास्त. दोन ठिकाणचे एकत्र चालवले तर ॲम्प्लिफायरवर 4 ओहमचा भार येतो, तीन ठिकाणचे लावले तर जेमतेम 2.7. आमच्या ॲम्प्लिफायरला 4 च्या खाली जाऊन चालत नाही, तो तापतो. आईच म्हणाली, "अरे, एक्झॉस्ट चालू असताना मला काय ऐकू येणार? आणि फोडणीचा धूर सगळा त्या जाळीत बसेल." प्रश्न मिटला.

जागा ठरवायला चार दिवस गेले, आणि ते गेले ते बरंच झालं. बाबांची आरामखुर्ची खिडकीपाशी असते. स्पीकर पंख्याच्या पलीकडे बसवला असता तर आवाज पात्यांमधून तुटत तुटत आला असता. म्हणून खुर्चीच्या जरा डावीकडे, भिंतीपासून दोन फूट सोडून जमिनीवर खडूने फुली मारली आणि ओळंब्याने ती खूण वर नेली. हॉलमध्ये मूळ छताचा बीम आडवा आला. स्पीकरची खोली चार इंच, बीमखाली जागा तीनच इंच, त्यामुळे दोन्ही स्पीकर फूटभर पुढे सरकवावे लागले.

वायरसाठी दुकानदाराने पहिल्यांदा दाखवलेलं बंडल स्वस्त होतं. ब्लेडने एक तार खरवडून पाहिली तर वरचा तांब्याचा रंग निघून आत पांढरं ॲल्युमिनियम. ते परत ठेवलं आणि अस्सल तांब्याची दीड एमएमची वायर घेतली. वायरमनदादांना एकच विनंती केली, की ही वायर लाइटच्या पाइपातून न्यायची नाही, वेगळ्या पाइपातून न्यायची आणि लाइटची वायर ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडायची. शेजारून लांबवर गेली तर स्पीकरमध्ये गुणगुण येऊ शकते. त्यांनी ते मनापासून पाळलं. प्रत्येक ठिकाणी तीन फूट वायर जादा गुंडाळून ठेवली आणि सीलिंगचे बोर्ड लागण्याआधी मी मापाची टेप धरून सगळ्याचे फोटो काढले. ज्यांचं काम आत्ता चालू असेल त्यांनी बाकी काही नाही तरी हे फोटो नक्की काढावेत.

कारण सीलिंग बंद झाल्यावर वर नुसती पांढरी पाटी राहते. फोटोतलं माप धरून हॉलमध्ये खूण केली आणि पीओपीवाले मिस्त्री करवत घेऊन शिडीवर चढले. त्यांना थांबवलं. आधी पेन्सिलीएवढं भोक पाडलं, हँगरची तार काटकोनात वाकवून आत घातली आणि गोल फिरवली. अर्ध्या फेरीतच ती कशाला तरी टेकली. लोखंडी सेक्शन, म्हणजे ज्या पट्ट्यांवर बोर्ड बसतो त्यातली एक! हे सेक्शन दीड दीड फुटावर असतात आणि आमची खूण नेमकी एकाच्या कडेला आली होती. दोन इंच सरकलो, तार मोकळी फिरली, मग कापलं. सरळ करवत चालवली असती तर बोर्डचा आधारच तुटला असता.

स्पीकर वर सरकवून स्क्रू आवळले, की स्पीकरच्या कडेच्या पकडी, म्हणजे 'कान', आत उघडून बोर्डला धरतात. ते काम दहा मिनिटांचं. पण हॉलमध्ये तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. खर्जाची तार अंगच धरेना, आवाज खोलीभर पसरलेला, पण मधोमध कुठेच नाही. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. कुठल्या, ते शोधायला वायर ॲम्प्लिफायरपासून सोडवली आणि लाल तारेला दीड व्होल्टच्या सेलचं धन टोक, दुसरीला ऋण टोक क्षणभर टेकवलं. मुलगा शिडीवरून बघत होता. पहिल्या स्पीकरचा पडदा टक्क करून बाहेर आला, दुसऱ्याचा आत गेला. त्या दुसऱ्याच्या तारा बदलल्या आणि खर्ज भरून आला.

बाबांच्या खोलीत आवाजाचं वेगळं बटण भिंतीवर, खुर्चीत बसून हात पोचेल एवढ्या उंचीवर दिलंय. पहिल्या दिवशी त्यांच्या आवडीची जुनी मैफल लावली. आलाप झाला, ठेका सुरू झाला, आणि त्यांनी मान वर केली.

"पेटी किती छान साथ करतेय रे," ते म्हणाले, आणि हात लांब करून आवाज थोडा वाढवला.