पाहुणे आले की मीच गायब

पूर्वी घरी कुणाला जेवायला बोलवायचं म्हटलं की माझ्या अंगातच यायचं. आठ दिवस आधी वहीत याद्या, दोन दिवस आधी घर झाडूनपुसून लख्ख, आणि त्या दिवशी सकाळपासून गॅसचे सगळे बर्नर चालू. एकदा तर दहा माणसांसाठी मी नऊ पदार्थ केले होते. नऊ! (मोजले मी नंतर, भांडी घासताना.) सगळे आले, जेवले, वा वा झालं, हसण्याचे आवाज आतपर्यंत येत होते, साडेअकराला सगळे गेले पण. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आले, अठ्ठावीस फोटो आणि एकातही मी नाही. म्हणजे एकात माझा हात आहे, डाव धरलेला, मनगटापर्यंत. आणि खाली एका मैत्रिणीचा मेसेज, "मस्त झालं गं सगळं, पण तू होतीस कुठे?"

तेव्हा मी हसण्याची स्मायली टाकली आणि विषय संपवला. पण पंधरा दिवसांनी तिसऱ्याच कुणाकडून कळलं की तिने नोकरी सोडली, आणि ते ती त्या रात्री माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून सगळ्यांना सांगत होती. मी तेव्हा आत काहीतरी गरम करत होते. काय गरम करत होते ते आता आठवत पण नाही.

त्यानंतर मी एकच हिशोब धरला, लोक आले की मला बसता आलं पाहिजे. बस. मेनू काय, माणसं किती, कोण काय आणणार, सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं. ऐकायला सोपं वाटतं पण सवय मोडायला मला दोन वर्षं लागली, कारण सतत उठबस करणारी बाई म्हणजे चांगली यजमान असं कुठेतरी डोक्यात घट्ट बसलेलं असतं. खरं तर आपण उभ्याउभ्या "घ्या ना, घ्या ना" करत फिरत राहिलो की बसलेल्यांना उगाच चोरट्यासारखं होतं, मग तेही उठतात, "काही मदत करू का" म्हणतात, आपण "नको नको, बस तू" म्हणतो आणि दोघांचंही जेवण गार होतं.

तर मेनू. आता माझा मेनू म्हणजे एक मोठं पातेलं. रस्सा, स्ट्यू, दाट सूप, असं काहीही, जे दुपारी करून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत मुरतं आणि उलट जास्त चांगलं लागतं. सोबत भात किंवा ब्रेड, एक काहीतरी गार आणि आंबटसर, आणि शेवटी फळं नाहीतर आइस्क्रीम. ऐनवेळी तळायचं काहीही नाही, हे मी स्वतःला लिहून दिलंय. तळण म्हणजे यजमानाला कढईला बांधून ठेवायची शिक्षा, गरम गरम खायचं असतं म्हणून आपण आत, आणि खाणारे बाहेर. भाताचा अंदाज चुकायचा माझा नेहमी, आता माणशी ७५ ग्रॅम कच्चा तांदूळ धरते, शिजून तो साधारण तिप्पट फुगतो, आणि सोबत ब्रेड असेल तर त्याहून कमी पण चालतो. कुणाला काय चालत नाही, कसली अॅलर्जी आहे, हे मात्र बोलावतानाच विचारून घ्यायचं, ताट समोर आल्यावर नाही. आणि तिखट वेगळं वाटीत ठेवायचं, ज्याला हवं तो घेईल.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर लिहिते कारण यात मी स्वतः हात पोळून घेतलेत, हात नाही पोट. निवांत जमायचं म्हणजे जेवण तीन-चार तास चालतं आणि पातेलं तसंच टेबलावर बसून असतं. मी रात्री एक वाजता ते उचलून फ्रीजमध्ये टाकायचे आणि सकाळी गरम करून आम्ही तेच खायचो. एकदा दोन दिवस आम्ही दोघं आडवे झालो आणि मग मी वाचायला बसले. ५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि शिजवलेलं अन्न बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भात त्यात सगळ्यात लबाड. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात, भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांचं एक विष असं आहे की पुन्हा उकळून काढलं तरी ते जात नाही. म्हणजे "चांगलं वाफ येईपर्यंत गरम केलंय" याला काही अर्थ नाही. आता मी टेबलावर लहान भांडं ठेवते, उरलेलं मंद आचेवर वाफाळतं ठेवते आणि लहान भांडं संपलं की पुन्हा भरते. आणि जेवणं झाली की उरलेला भात पसरट डब्यात काढून लगेच फ्रीजमध्ये. पाच मिनिटांचं काम आहे, गप्पा चालूच ठेवून होतं.

माणसं किती बोलवायची यावर तर लोक दोन हजार वर्षांपासून बोलतायत. व्हॅरो नावाचा एक रोमन विद्वान होता, त्याचं म्हणणं असं की पंक्तीला तिनाच्या खाली नको आणि नवाच्या वर नको. त्यांच्या जेवणाच्या खोलीत तीन कोच असायचे आणि एकेकावर तिघं आडवे व्हायचे, त्यामुळे नऊचा आकडा तसाही सोयीचाच. आणि अलीकडे रॉबिन डनबर या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने लोक आपापसांत कसे बोलतात ते बघितलं तर एका गप्पेत साधारण चारच माणसं टिकतात, पाचवं आलं की थोड्या वेळात गप्पांचे दोन तुकडे होतात. हे वाचल्यावर मी मुद्दाम लक्ष ठेवलं. आणि खरंच! आठ जण असले की अर्ध्या तासात चार-चार होतात, आणि मग जो ज्या तुकड्यात अडकला तो अडकलाच. त्यावर मी एक युक्ती केलीय, पाणी आणि पेयं खोलीच्या एका टोकाला, खायचं दुसऱ्या टोकाला. पाणी घ्यायला कुणी उठतो, परत येताना भलत्याच ठिकाणी टेकतो आणि गप्पांचे पत्ते पिसले जातात. सगळं हाताशी ठेवलं की कुणी हलत नाही, हा आदरातिथ्याच्या अगदी उलटा सल्ला आहे मला माहितीये.

लाइट, आवाज आणि गरमी याकडे मी आधी कधी लक्षच द्यायचे नाही, पदार्थ, पदार्थ आणि पदार्थ. पण वरचा पांढरा ट्यूबलाइट चालू असला की सगळे मिटिंगला बसल्यासारखे बसतात. तो ६५०० केल्विनचा थंड पांढरा प्रकाश बंद करून कोपऱ्यात दोन-तीन दिवे लावले, २७०० केल्विनवाले पिवळसर, की त्याच खोलीत तेच लोक पाय वर घेऊन बसतात. गाण्यांचं पण तसंच. सुरुवातीला दोनतीनच जण असतात तेव्हा गाणी हवीच, शांतता खायला उठते, पण माणसं भरली की आवाज कमी करायचा, वाढवायचा नाही. कारण गोंगाटात माणूस आपोआप मोठ्याने बोलायला लागतो, त्याचं त्यालाही कळत नाही. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला लोंबार इफेक्ट म्हणतात. एक जण ओरडतो म्हणून दुसरा ओरडतो, म्हणून आपण गाणी वाढवतो, म्हणून पहिला अजून ओरडतो, आणि दहा वाजेपर्यंत सगळ्यांचे घसे बसतात. आणि गरमी म्हणाल तर बसलेलं एक माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतं. म्हणजे दहा माणसं म्हणजे खोलीत एक हजार वॉटचा हीटर चालू! त्यामुळे खोली लोक यायच्या आधीच गार करायची, तेव्हा आपल्याला थोडी गार वाटली तरी चालेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे मला तरी, लोकांना कामाला लावणं. "काय आणू?" असं कुणी विचारलं की "काही नको, तूच ये" म्हणायची मला खोड होती. आता मी नेमकं सांगते. "काहीतरी गोड आण" असं पण नाही, नाहीतर चार जण चार डबे तेच घेऊन येतात. "बर्फ आण, चार किलो" असं. माणशी अर्धा किलो बर्फ पुरतो, आठ जणांना चार किलो. फक्त बर्फ नेहमी उशिरा येणाऱ्याला सांगू नये, हे मी शिकलेय. एकदा तो आला नऊला, तोपर्यंत सगळ्या बाटल्या कोमट आणि माझं तोंड कडू. मग बादलीत बर्फ, त्यावर पाणी आणि दोन मुठी मीठ असं करून त्यात बाटल्या बुडवल्या, जेवायला बसेपर्यंत छान गार झाल्या. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर बर्फ चार ठिकाणीच टेकतो, पाणी घातलं की सगळ्या बाजूंनी गार लागतं, आणि मिठाने ते पाणी शून्याच्या पण खाली उतरतं.

आणि जो पहिला येतो ना, त्याची फार पंचाईत असते. अजून कुणी नाही, आपण धावपळीत, तो सोफ्याच्या कडेवर बसून मोबाइल बघतोय. म्हणून मी एक-दोन कामं मुद्दाम अर्धी ठेवते. आमच्यात एक मित्र आहे, कमी बोलतो, अगदीच कमी, आणि नेहमी वेळेवर येतो म्हणजे नेहमी पहिला. मागे तो आला तसं मी त्याच्या हातात सुरी दिली आणि पुढ्यात डझनभर लिंबं ठेवली. त्याने आधी प्रत्येक लिंबू ओट्यावर तळहाताने दाबून लोळवलं, मग कापून बिया सुरीच्या टोकाने एक एक काढल्या, एका वाटीत जमवल्या. घाई नाही काही नाही. मग बाकीचे येत गेले तसे ओट्यापाशीच थांबले, त्याला चिडवायला लागले, ऑपरेशन करतोयस का म्हणून, आणि हा पठ्ठ्या उत्तरं देत होता! तासभर सगळे स्वयंपाकघरात उभे. बाहेर मी खुर्च्या मांडल्या होत्या त्या तशाच रिकाम्या.

सगळं असं गोग्गोड होतं असं नाही. एकदा माझ्या त्या एकुलत्या एक पातेल्याने दगा दिला. मी बसले होते ना निवांत, नियमाप्रमाणे, आणि खाली लागलं. आधी वास आला, मग सगळ्यांनाच आला आणि कुणी काही बोलेना. पूर्वीची मी असते तर रडलेच असते. पण तेव्हा आठ माणसं एकदम ओट्यावर वाकली आणि प्रत्येकाचा वेगळा सल्ला. यातलं जे चाललं ते सांगते, अजिबात ढवळायचं नाही, तळ खरवडायचा नाही, वरचं वरचं हलकेच दुसऱ्या भांड्यात काढायचं आणि चव बघायची. दोन तृतीयांश वाचलं. थोडा धुरकट वास होताच, त्यावर ती कापलेली लिंबं पिळली. कमी पडलं म्हणून ब्रेड संपला, मग फळं संपली, मग कुणीतरी कपाटातला बिस्किटांचा पुडा शोधून काढला. पोटभर जेवलो असं म्हणवत नाही पण त्या रात्री कुणी साडेबाराच्या आत हललं नाही, आणि ग्रुपचं नाव अजूनही "तळ" आहे.

भांड्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. काही लोक म्हणतात पाहुण्यांना हात लावू देऊ नये. मला पटत नाही. सगळ्यांनी मिळून घासायची असं पण नाही, त्याचा पण गोंधळच होतो. पण शेवटी एक-दोघं मागे रेंगाळतातच, त्यांच्या हातात मी पुसायचं फडकं देते. समोरासमोर बसून जे निघत नाही ते सिंकपाशी शेजारी उभं राहून, एकमेकींकडे न बघता, बरोबर निघतं.

परवा ती मेसेजवालीच थांबली होती. बाकीचे गेले, मी घासत होते, ती पुसत होती. नवीन नोकरीचं सांगत होती, मग आईच्या तब्येतीचं, मग एकदम म्हणाली, "एक सांगू का, अजून कुणालाच सांगितलं नाहीये." काय ते इथे लिहीत नाही, तिचं आहे ते. पण ते मोठं पातेलं मी त्या नादात दोनदा घासलं आणि तिने दोनदा पुसलं, दोघींच्याही लक्षात आलं नाही.